बुटांसकट कुंडात

ग्रिमविकचा पोहण्याचा तलाव बंद करायचा निर्णय बोगद्यापलीकडच्या गावात झाला आणि ग्रिमविकला तो कळला तलावातच. टोर्गिल्स तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसला होता. ओल्या हाताने फोन पाण्यापासून लांब धरून त्याने बातमी वाचून दाखवली. तीन गावं जोडून जी एक नगरपालिका झाली होती, तिच्या मते एका नगरपालिकेला तीन तलाव म्हणजे चैन होती. बोगद्यापलीकडे नवा तलाव होता, घसरगुंडीसह. ग्रिमविककरांनी पोहायला तिकडे यावं, गाडीने फार तर पाऊण तास.

"पाऊण तास ओल्या केसांनी घरी यायचं," टोर्गिल्स म्हणाला. "म्हणजे तलावाचा खर्च नगरपालिकेचा वाचला, न्यूमोनियाचा सरकारच्या अंगावर गेला. डोकी आहेत."

रानवेग कुंडाच्या काठावर थर्मामीटर घेऊन उभी होती. ती तलावाची व्यवस्थापक, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आणि हिवाळ्यात गावच्या गायकवृंदाची मास्तरीण. ग्रिमविकमध्ये एकेकाला तीन-तीन कामं करावी लागतात, नाहीतर माणसं पुरत नाहीत. पण तिचा जीव तलावात होता. पाण्यात ती क्लोरीन अगदी नावापुरतं घालायची आणि ते तिला जमायचं, कारण सगळे कपडे काढून, साबण लावून, नीट अंघोळ केल्याशिवाय ती कुणालाही पाण्यात पाऊल टाकू देत नसे. नियम काही तिचा नव्हता, साऱ्या देशाचा आहे. प्रत्येक तलावाच्या नहाणीघरात भिंतीवर माणसाचं चित्र असतं. त्यात डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगाने दाखवलेली असतात, म्हणजे भाषा येत नाही ही सबब चालू नये. इतर व्यवस्थापक त्या चित्रावर विश्वास ठेवत. रानवेग केसांना हात लावून बघे. एकदा तिने देशाच्या मत्स्यमंत्र्याला कोरड्या केसांपायी दारातून परत पाठवलं होतं. तो मुकाट्याने गेला. इथे मंत्र्यालाही अरे-तुरेच करतात, त्यामुळे परत पाठवणं सोपं जातं.

ग्रिमविकमध्ये बार नव्हता, चौक नव्हता, बेकरी होती ती बंद पडली होती. गावाला गाव म्हणावं असं जे काही होतं ते त्या कुंडात. बोटीच्या वाटणीवरून टोर्गिल्स आणि त्याच्या धाकट्या भावाने एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्याला किती वर्षं झाली ते त्या दोघांनाही आठवत नसे. पण रोज संध्याकाळी दोघं कुंडात गुडघ्याला गुडघा लावून बसत. बोलत नसत आणि गुडघेही हलवत नसत.

नगरपालिकेला पत्र पाठवावं असं आधी ठरलं. पण पत्र आलं की नगरपालिका ते वाचते, पोच देते आणि तिचं समाधान होतं. मग टोर्गिल्सनेच म्हटलं की या देशात सगळे लोक एका वेळी एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे गाण्यांची निवड. फेब्रुवारीत टीव्हीवर जी चुरस होते, ज्यातून एक गाणं देशाच्या नावाने युरोपच्या स्पर्धेला जातं, ती. आपण ती बघत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कुणाला किती मतं पडली ते त्यांच्याकडूनच कळतं. ज्या तलावाचं गाणं देशाने पाहिलं, तो तलाव नगरपालिका बंद कशी करणार?

रानवेगने गाणं चर्चच्या ऑर्गनवर केलं. शब्दही तिचेच. त्यात फार काही नव्हतं. बाहेर वारा आहे, तू माझ्यावर रागावलेला आहेस, राग घेऊनच ये, टॉवेल मी देते. पाणी अजून गरम आहे. धृपद तेवढंच, पाणी अजून गरम आहे. गायला तिची भाची होती, दाग्नी, भावाची मुलगी. दाग्नी चालायच्या आधी त्या तलावात पोहायला शिकली होती आणि आता राजधानीत, रेक्याविकमध्ये नर्सिंग शिकत होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोटा नव्हता. निवडीच्या कार्यक्रमात ती लोकरीचा स्वेटर घालून नुसती उभी राहिली आणि गायली. ज्यांच्या गावचा तलाव चालू होता त्यांनी मत दिलं. ज्यांच्या गावचा बंद पडला होता त्यांनी दोन-दोनदा दिलं. गाणं निवडून आलं.

दुसऱ्याच दिवशी नगराध्यक्ष हेरमानने रेडिओवर सांगितलं की नगरपालिका दगडाची नाही. गाणं युरोपात पहिल्या दहांत आलं, तर या सांस्कृतिक ठेव्याचा फेरविचार होईल. नाही आलं, तर एक जूनला तलाव बंद. हे तो छाती पुढे काढून बोलला, कारण देश पहिल्या दहांत क्वचित येतो हे त्यालाही ठाऊक होतं.

एवढं झाल्यावर गाणं रानवेगचं राहिलं नाही, देशाचं झालं. देशाच्या वतीने सिंद्री आला. सिंद्री हा टीव्हीवाल्यांच्या पथकाचा प्रमुख. चांगला, मऊ बोलणारा माणूस, कुणाचं मन दुखवायचं झालं तर आधी कॉफी विचारणारा. त्याने रानवेगला कॉफी विचारली.

"युरोपला तलाव कळत नाही, रानवेग," तो म्हणाला. "युरोपला प्रेम कळतं."

"मग तलाव कुठे गेला?"

"तलाव आहेच की. फक्त आता तो प्रतीक आहे."

"हे हेरमानला सांगू नकोस," रानवेग म्हणाली. "प्रतीक गरम ठेवायला काही खर्च येत नाही. तो आजच कुलूप लावेल."

सिंद्री हसला आणि त्याने लिहून घेतलं, कारण मुलाखतीत वापरता येण्यासारखं होतं. गाणं इंग्रजीत गेलं. तिथे 'पाणी' चालीत बसेना म्हणून ते काढलं, तेव्हा 'मी अजून गरम आहे' एवढंच उरलं आणि सगळ्यांना ते जास्त थेट वाटलं. रागावलेल्या शेजाऱ्याचा सोडून गेलेला प्रियकर झाला. टॉवेल गेला. ऑर्गनच्या जागी ढोल आले. शेवटच्या मिनिटाला गाण्याने एक पट्टी वर उडी मारली, कारण तशी उडी सगळेच मारतात. सुधारणा करायला चार जाणकार बोलावले होते. त्यांची नावं रानवेगच्या नावाशेजारी लागली. त्यांच्यातल्या एकाने फक्त दोन ओळींच्या मध्ये एक लांबलचक 'ओ' घातला होता. पुढे लोकांच्या तोंडी तोच बसला.

रानवेगने प्रत्येक वेळी मान डोलावली. तिला संगीत कळत होतं, त्यामुळे काय चाललंय तेही कळत होतं. पण पहिल्या दहांत यायचं होतं. गाण्याचं काय, गाणं दुसरं करता येतं. तलावाचे पाईप एका हिवाळ्यात गोठून फुटले की दुसरे कोण टाकणार?

रंगमंचावर काय दिसावं हे ठरवायला मेल्कर आला. तो स्वीडनचा. त्या वर्षी निम्म्या देशांनी स्वीडिश दिग्दर्शक आणले होते, स्वीडनला हरवायचं म्हणून. मेल्करने ग्रिमविकचे फोटो मागवले, सगळे एकदा पाहिले आणि बाजूला ठेवले. त्याने काळं, चकचकीत कुंड बनवून घेतलं, फायबरचं. त्यातून वाफ येणार, खालून लाव्हारसासारखा लाल उजेड. दाग्नीला चंदेरी पोशाख, बरोबर चार नर्तक. दाग्नीला ठेंगणी म्हणू नये म्हणून तिला आणि शोभा यावी म्हणून नर्तकांना गुडघ्यापर्यंतचे बूट, टाचांना पोलाद.

स्पर्धा दक्षिणेत होती, जिथे मे महिन्यात लोक छत्र्या उन्हासाठी वापरतात. रानवेग गीतकार म्हणून पथकाबरोबर गेली. पहिल्या तालमीला ती रिकाम्या सभागृहात मधल्या रांगेत बसली होती. ढोल सुरू झाले, वाफ आली, मागच्या बाजूने, जिथून ट्रकमधलं सामान आत आणतात त्याच वाटेने, चार नर्तक आणि दाग्नी चालत आली आणि धृपदाला पाचही जणं बुटांसकट कुंडात उतरली. मग त्यांनी पाय आपटले. पाणी पंख्यासारखं वर उडालं आणि मोठ्या पडद्यावर सावकाश खाली पडलं. सिंद्रीने टाळ्या वाजवल्या.

रानवेग उठून मेल्करकडे गेली आणि पाण्यात उतरताना बूट काढतील ना, असं तिने विचारलं. मेल्कर म्हणाला, बूट हाच तर क्षण आहे. मग तिने त्याला अंघोळीचं सांगितलं. सगळं सांगितलं, चित्रासह. कागद नव्हता म्हणून स्वतःच्या अंगावर बोट ठेवून जागा दाखवल्या. मेल्करने फार आदराने ऐकून घेतलं. दुसऱ्या कडव्यात शॉवर बसवता येईल का, याचाही त्याने खरोखर विचार केला. पण गाण्याला तीन मिनिटांच्या वर जाता येत नाही, कार्यक्रम मुलं बघतात, आणि फेस कॅमेऱ्यात मळकट दिसतो.

ती परत जाता जाता कुंडापाशी थांबली. पर्समध्ये पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या. त्या तिच्या पर्समध्ये असतातच, जशी इतरांच्या पर्समध्ये कंगवा असतो. तिने एक बुडवून पाहिली. क्लोरीन शून्य.

तालमीची चित्रफीत त्याच दिवशी सगळीकडे गेली. युरोपला ती फार आवडली. पैज लावणाऱ्यांच्या यादीत देश तळाला होता तो पाचवर चढला. कुणीतरी लिहिलं की बर्फ आणि अग्नीच्या या भूमीत माणसं अजूनही निसर्गाशी अशी रांगडी एकरूप होतात.

त्या भूमीत मात्र हाहाकार उडाला. रेडिओवर दुपारचा कार्यक्रम केवळ बुटांवर झाला. एका त्वचारोगतज्ज्ञाने नखांच्या बुरशीची माहिती दिली, जेवणाच्या वेळेला. शाळांमधून पोहण्याच्या शिक्षकांनी निवेदन काढलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जे शिकवलं ते तीन मिनिटांत पुसलं जातंय. संसदेत प्रश्न आला. उत्तर द्यायला नेमका मत्स्यमंत्रीच उभा राहिला आणि आपण स्वतः नेहमी अंघोळ करतो असं त्याने सभागृहाला सांगितलं. गाण्याचे शब्द बदलले तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. चाल बदलली, ढोल आले, तलाव गेला, तरी देश गप्प होता. पण बूट!

टोर्गिल्सचा फोन आला.

"आम्ही सगळ्यांनी कुंडात बसून पाहिलं," तो म्हणाला. "माझा भाऊ बोलला."

"तुझ्याशी?"

"माझ्याकडे बघून."

"काय म्हणाला?"

"'बूट' म्हणाला."

मग टोर्गिल्स म्हणाला, पाण्याचं तापमान ठीक आहे, काळजी करू नकोस, आणि फोन ठेवला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

उपांत्य फेरीत ते बुटांसकट उतरले, कारण बदल करायला वेळ नव्हता, आणि आरामात अंतिम फेरीत गेले. मग मात्र वेळ मिळाला, आणि वेळ मिळाला म्हणून सिंद्रीची झोप उडाली. रेक्याविकहून साहेबांचे फोन येत होते की बूट काढा, देशाची लाज चालली आहे. मेल्कर सांगत होता की बूट काढले तर आपण विसावे येणार. सिंद्रीने सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाला काय वाटतं ते विचारलं. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याला काय वाटतं ते महत्त्वाचं आहे. शेवटी तो म्हणाला की बूट दाग्नीच्या पायात आहेत, तेव्हा दाग्नीनेच ठरवावं. आणि अत्यंत लोकशाही मार्गाने तो जेवायला निघून गेला.

दाग्नी आत्याकडे आली. अंतिम फेरीच्या दिवशीची दुपार होती. हॉटेलच्या खोलीत पडदे लावले होते, कारण उन्हाची दोघींनाही सवय नव्हती. दाग्नीच्या चेहऱ्यावर अर्धा मेकअप झाला होता.

"मी बूट काढते, आत्या," ती म्हणाली. "अनवाणी उतरते. त्या चौघांना मेल्कर नाचवू दे काय नाचवायचं ते."

"मेल्कर काय म्हणतो?"

"मरतो म्हणतो."

"आणि आपण अकरावे आलो तर?"

"तर अकरावे."

"अकरावे आलो तर एक जूनला गरम पाण्याच्या बोअरचा व्हॉल्व्ह बंद होईल, दाग्नी. दहावे आलो तर नाही होणार."

दाग्नी पलंगावर बसली. "मी पाच वर्षांची असताना तू मला पावलं धुवायला परत पाठवलं होतंस. मी रडत होते. बाबा म्हणाला, जाऊ दे ना गं, तुझीच भाची आहे. तू त्यालाही परत पाठवलंस."

"ते पाणी खरं होतं," रानवेग म्हणाली. "हे कसलं पाणी? फायबरचं टोपलं, नळाचं पाणी, त्यात रंग. यात काय उतरायचं नि काय धुवायचं."

बोलताना तिचं लक्ष दाग्नीकडे नव्हतं. दाग्नीचं मात्र तिच्याकडे होतं.

"तू पट्टी बुडवून पाहिलीस ना त्यात? मी पाहिलं तुला."

"हो."

"खोटं पाणी कुणी तपासत नाही, आत्या."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीत तेच गाणं लावलं होतं; तो लांब 'ओ' चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. रानवेगच्या मनात गुडघ्याला गुडघा लावून बसलेले ते दोघे भाऊ आले. व्हॉल्व्ह बंद झाला की ते घरी बसतील, दोन वेगळ्या घरांत, आणि मग न बोलण्यालाही काही अर्थ राहणार नाही.

"घाल," ती म्हणाली.

"काय?"

"बूट घाल. आणि जोरात आपट."

दाग्नीने घातले आणि जोरात आपटले. त्या संध्याकाळी पाणी इतकं उंच उडालं की पहिल्या रांगेतले लोक भिजले आणि आनंदाने ओरडले. देश आठवा आला. परीक्षकांनी गाण्याच्या सांस्कृतिक अस्सलपणाला चांगले गुण दिले. नॉर्वेने दिले, डेन्मार्कने दिले, कारण त्यांना द्यावेच लागतात. पण माल्टानेही दिले, आणि माल्टाशी आपलं काही नातं नाही. सिंद्री रडला. रानवेगने छोटा झेंडा हलवला, तिच्या हातात कुणीतरी दिला होता म्हणून.

तलाव वाचला. हेरमान फुलं घेऊन विमानतळावर आला होता. त्याने शब्द पाळला, नुसता पाळला नाही, पुढे नेला. युरोपभर गाजलेली गोष्ट एका गरीब नगरपालिकेने एकटीने सांभाळणं बरं नव्हे, म्हणून नगरपालिकेने तलाव एका कंपनीला चालवायला दिला. कंपनीने त्याला गाण्याचं इंग्रजी नाव दिलं. कुंडाला आतून काळा रंग लावला, वाफ कमी पडते म्हणून वाफेचं यंत्र आणलं आणि पाण्याखाली लाल दिवे बसवले. नहाणीघरातलं ते चित्र उतरवलं, कारण पाहुण्यांना ओशाळल्यासारखं होत होतं. त्या जागी फळी ठोकली आणि फळीवर बूट मांडले, सगळ्या मापांचे, भाड्याने. गावकऱ्यांची सोय पाहिलीच होती: मंगळवारी सकाळी, आधी नाव नोंदवून.

रानवेगला कंपनीने काढलं नाही. तिला सदिच्छादूत केलं आणि काळा कोट दिला.

पहिली बस जूनमध्ये आली. बसमधून उतरलेला एक उंच, सभ्य गृहस्थ बूट चढवून कोरड्या केसांनी कुंडाकडे चालला, तेव्हा रानवेगचे पाय आपोआप त्याच्या आड गेले. साबण, ती म्हणाली. तो थांबला. तो जराही चिडला नाही. त्याने खिशातून फोन काढला, शोधलं आणि तिच्यासमोर धरला. पडद्यावर दाग्नी पाय आपटत होती, मागे वाफ, आणि खाली बारीक अक्षरांत रानवेगचं नाव. तो तिच्याकडे बघून हसला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा, आणि तिला वळसा घालून पाण्यात गेला.

पंधरवड्यात क्लोरीन इतकं घालावं लागलं की वाऱ्याची दिशा फिरली की वास बंदरापर्यंत जाई. तिने कोट परत केला आणि चर्चमध्ये जाऊन बसू लागली, पण ऑर्गन उघडत नसे.

गावात तिला कुणी काही बोललं नाही. ग्रिमविकमध्ये माणसाला बोलायची जागा कुंड होती आणि कुंडात आता जागा नव्हती. लोक दुकानात भेटत, हवेबद्दल बोलत, दूध घेत आणि घरी जात. रानवेगला असं वाटे की आपण तलाव वाचवला, फक्त गाव तेवढं बुडालं. ती हे कुणाला म्हणाली नाही. कुठे म्हणणार?

जुलैत एके दिवशी टोर्गिल्सने बंदरातून मासे ठेवायचा प्लास्टिकचा भलामोठा टब फोर्कलिफ्टवर घातला आणि मासळीच्या शेडमागे आणून ठेवला. बोअरचं पाणी गावाचं होतं. ते कंपनीला विकायला हेरमान विसरला होता. तलावाकडे जाणारा पाईप शेडमागूनच जात होता. टोर्गिल्सच्या भावाने एकही शब्द न बोलता त्याला फाटा जोडला. मग टोर्गिल्स चर्चमध्ये गेला.

"मासळीचा वास येतो थोडा," तो म्हणाला. "आणि तापमानाचा अंदाज नाही. मी कोपर घालून पाहिलं, पण माझं कोपर काय, त्याला सगळंच गरम लागतं. थर्मामीटर घेऊन येतेस का?"

"मला कशाला बोलावतोस?" रानवेग म्हणाली. "कुणालाही बोलाव. मीच घाल म्हटलं त्या पोरीला. ती काढायला निघाली होती."

टोर्गिल्सने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "माहीत आहे. दाग्नी मला म्हणाली."

"मग?"

"मग काय. थर्मामीटर तुझ्याकडेच आहे ना."

ती गेली. पाणी जास्त गरम होतं. तिने गार पाण्याची नळी ओढून आणली, फिरवून फिरवून मिसळलं आणि बेचाळीस अंशांच्या जरा खाली आणलं. शेडच्या आडोशाला तिने एक शॉवर टांगला, म्हणजे बादलीला भोकं पाडली. टबात जेमतेम सात-आठ माणसं मावत, तीही एकमेकांच्या पायांवर पाय ठेवून. आठवड्याभरात गावच्या गायकवृंदातले सगळे येऊन गेले. दाग्नी सुट्टीवर आली तेव्हा तीही येऊन बसली आणि गाणं सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलली.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी टब भरलेला असताना हेरमान आला. खांद्यावर टॉवेल, पायात सपाता, केस कोरडे आणि नीट विंचरलेले. तलावात शिरायला गेलो होतो, तो म्हणाला, पण सप्टेंबरअखेरपर्यंत जागा नाही. मी नगराध्यक्ष आहे म्हटलं, तर त्या मुलीने नाव नोंदवायला सांगितलं. मंगळवारी सकाळी मला मीटिंग असते. इथे होईल का सोय?

सगळ्यांनी रानवेगकडे पाहिलं.

"आधी अंघोळ करून ये," ती म्हणाली. "साबण शेडच्या खिडकीत आहे. डोकं, काखा, खालचं सगळं, पावलं."

हेरमान हसला. "अगं रानवेग, तू मला सांगतेस? साऱ्या युरोपने पाहिलं की तुमच्या दाग्नीने बुटांसकट..."

"हो," रानवेग म्हणाली. "मीच सांगितलं होतं तिला. आणि तलावाचं काय झालं ते तू आत्ताच बघून आलास."

हेरमानने टबाकडे पाहिलं. वाफ येत होती. त्याने टॉवेल खुंटीला अडकवला आणि तो शेडच्या आडोशाला गेला. बादलीतलं पाणी थंडगार होतं. ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्याची पहिली हाय ऐकू आली तेव्हा टबातली माणसं थोडी थोडी सरकली आणि एका माणसापुरती जागा झाली.